पेटी वजा

काडीला शहरात पाठवायचं की नाही, याबद्दल तिच्यासमोर एक अक्षर काढायचं नाही असं घरात ठरलं होतं. म्हणून बोलणी करायला सगळे सकाळी वखारीत जमले. आणि काडी तिथं आधीच येऊन बसली होती, कारण आज मुलांची वजनं करायचा दिवस होता. या घराण्यातली गुप्त बोलणी नेहमी अशीच होत आली आहेत.

काडी हे नाव तिला तिसऱ्या वर्षी पडलं. आता ती नऊ वर्षांची होती. शाळेच्या गणवेशाला कमरेपाशी दोनदा कापड जोडून झालं होतं, घराचा जिना चढताना ती मधल्या पायरीवर दम खायला थांबायची, आणि तरी ती काडीच होती. घरात पडलेलं नाव आणि भिंतीत मारलेला खिळा, दोन्ही उपटायला गेलं की पोपडे निघतात.

वखार घराच्या खालच्याच मजल्यावर. एका भिंतीला छतापर्यंत रिकाम्या लाकडी पेट्या, दुसरीकडे रद्दीचे आणि सुतळीचे गठ्ठे, मधोमध मोठा काटा. जमिनीलगत लोखंडी फळी, तिच्या टोकाला उभा खांब, आणि खांबावर आडवी दांडी, जिच्यावरून वजन सरकवायचं. फळांचा हंगाम सुरू होण्याआधीच्या रविवारी काटा पुसून त्याला तेल द्यायचं आणि त्या वर्षी त्यावर सगळ्यांत आधी घरातली मुलं तोलायची, ही जुन्या मालकांनी, म्हणजे काडीच्या आजोबांनी घातलेली रीत. कामाची माणसं सोमवारपासून यायची, त्यामुळे रविवारी घरचेच असायचे. आकडे काट्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले, प्रत्येक मुलाची एक उभी ओळ. तान्ह्या मुलाला पेटीत दुपटं घालून बसवायचं आणि पेटीसकट फळीवर ठेवायचं. तीन वर्षांचं झालं की "आता तू मोठा" म्हणून पेटी काढायची आणि मुलाला स्वतःच्या पायांवर उभं करायचं.

आणि तिसऱ्या वर्षी या घरातली मुलं हटकून उतरायची.

"आमच्याकडची मुलं पेटीत असतात तोवर बाळसं धरतात," असं आत्या घरातल्या दोन्ही सुनांना पहिल्या बाळंतपणातच सांगून मोकळी झाली होती. "पायांवर उभी राहिली की झडतात. तिथून पुढं जपावं लागतं." जपायचं म्हणजे काय, ते आत्याच्या हातातल्या पळीला विचारावं. थोरला, म्हणजे काडीचे वडील, आणि धाकटा या दोघा भावांची ती मोठी बहीण. साठीची, लग्न न केलेली. भाऊ तिच्या हातचं जेवून वाढले, मग थोरल्याचे दोन मुलगे वाढले, ते शिकायला बाहेर गेले, आणि आता एकट्या काडीच्या ताटावर चौघांची माया पडत होती.

दोन आठवड्यांपूर्वी शाळेत डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वजन केलं, पोटाचा घेर मोजला, बोटातून रक्त काढलं आणि काडीच्या हाती बंद पाकीट दिलं. ते काडीच्या आईने, थोरलीने, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि शहरातल्या जावेला फोन केला. धाकटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिने आकडे ऐकले, मोठ्या दवाखान्यात पुन्हा तपासणी करायला लावली, आणि तिचे निकाल आल्यावर नवऱ्याला आणि दहा वर्षांच्या भोपूला घेऊन शनिवारी हजर झाली.

तिचं म्हणणं सरळ होतं. शहरात मुलांसाठी खास दवाखाना आहे, दर आठवड्याला बोलावतात, पोहायला शिकवतात. काडीने वर्षभर आमच्याकडे राहावं, तिथल्या शाळेत जावं. साखर अजून काठावर आहे. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघायचं, आणि काठ ओलांडला तर गोळ्या सुरू. नवव्या वर्षी.

"चाळीस," थोरल्याने दांडीवरचं वजन सरकवून सांगितलं. काडी फळीवरून उतरली. आत्याने भिंतीवर चाळीस लिहिलं आणि मागे सरून शेजारच्या ओळी पाहिल्या.

"तुझा मोठा नवव्या वर्षी बेचाळीस होता," ती थोरल्याला म्हणाली. "ही अजून दोन कमी आहे."

"शाळेत चव्वेचाळीस भरली," धाकटी म्हणाली.

"शाळेच्या काट्याला काय कळतंय. दप्तरासकट उभी केली असेल."

"रक्त दप्तरासकट काढत नाहीत, ताई."

काडीने दोघींकडे पाहिलं आणि तिथून हलावं हे तिला कुणी न सांगता कळलं. ती पेट्यांच्या पलीकडे भोपूजवळ जाऊन बसली. तिथून सगळं नीट ऐकू येत होतं.

थोरला तेलाचं फडकं घेऊन उगाच काटा पुसत राहिला. "हे बघ," तो धाकट्याला उद्देशून म्हणाला, कारण भावजयीशी वाद घालायचा झाला तर तो नेहमी भावाशी घालायचा, "शहरातली पोरं चार भिंतींत वाढतात. त्यांना असले आजार होणारच. आमची मुलं मोकळ्यावर वाढतात. उन्हात खेळतात, झाडांवर चढतात."

"काडी झाडावर शेवटची कधी चढली?" थोरलीने विचारलं.

नवऱ्याच्या बाजूने बोलायची वेळ असताना ती हे बोलली, म्हणून सगळे तिच्याकडे वळले. बागा रस्त्याच्या पलीकडे होत्या आणि रस्त्यावरून आता मालमोटारी धावत होत्या, त्यामुळे पोरांना ओलांडायची बंदी होती. शाळेला गाडी दारातून न्यायची, दारात सोडायची. गाडी थांबते तिथल्या दुकानात फुग्यासारखी फुगलेली पाकिटं लटकायची आणि गाडी रोज उशिरा यायची. खेड्यातली मुलं काटक असतात ही शहरातल्या माणसांची समजूत. खेड्यातली माणसं ती मोडत नाहीत, कारण ऐकायला बरं वाटतं.

"म्हणजे तूही पाठवायच्या बाजूची?" थोरल्याने बायकोला विचारलं.

"मी बाजूची-बिजूची नाही. माझी मुलगी जिन्यात थांबते." थोरलीचा आवाज चढला नाही. ती घरी शिवणकाम करायची आणि गणवेशाला ते कापड तिनेच जोडलं होतं. दुसऱ्यांदा जोडताना तिला रडू आलं होतं. लेक तिला हवी होती, डोळ्यांसमोर हवी होती, आणि तिला दूर पाठवा म्हणणाऱ्या जावेचा तिला मनातून रागही येत होता. पण या घरात काडीचं ताट तिच्या हातात नव्हतं, आणि ते इथं राहून कधी येणार नाही हे तिला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. पोर वाचवायची तर पोर सोडावी लागेल, असा तिचा हिशेब झाला होता.

"वर्षभराचा तर प्रश्न आहे, दादा," धाकटा म्हणाला. त्याचं काम बसगाड्यांची वेळापत्रकं बनवण्याचं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट वेळेत संपते असं त्याला वाटायचं. "सुट्टीत येईल की."

"आणि खाईल काय तिथं?" आत्या म्हणाली. "तुझ्या पोराचे हात बघितलेत मी काल. काडी तो आहे, हिला कशाला काडी म्हणता!"

"भोपूचं वजन त्याच्या वयाला अगदी बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "एकतीस. रोज सकाळी बघते मी."

"रोज?"

"रोज."

दोघींनाही समोरची बाई मुलाच्या जिवावर उठली आहे असं मनापासून वाटत होतं.

पेट्यांच्या पलीकडे भोपूने खिशातून रुमाल काढला. त्यात कालच्या जेवणातला पावाचा तुकडा होता, काडीच्या ताटातून तिने ढकललेला.

"रोज वजन?" काडीने हळूच विचारलं.

"दूध प्यायच्या आधी. आकडा वर गेला की दूध अर्धं." त्याने पाव तोंडात टाकला. त्याचा आवाज मोठा, म्हणून तो भोपू. पण आत्ता तो कुजबुजत होता. "तुमच्याकडे वर्षातून एकदाच. तुझी मज्जा आहे."

"माझं दूध मला बघवत नाही," काडी म्हणाली. "दोन पेले असतात. तू येऊन पी."

"भोपू!" आत्याने हाक मारली. "ये रे, तुझं राहिलं. भिंतीवर नाव आहे तुझं, पण पेटीत होतास तेवढेच आकडे आहेत. आल्यासारखा उभा राहा."

भोपू तोंड पुसत आला आणि सवयीप्रमाणे चपला, पट्टा, खिशातलं पेन, सगळं काढून फळीवर उभा राहिला. थोरल्याने वजन एकतिसावर ठेवलं. दांडी हलली नाही. त्याने ते मागे घेतलं. तीस. एकोणतीस. दांडी सत्तावीसला तरंगली.

"सत्तावीस," थोरला म्हणाला.

भोपूचा चेहरा असा खुलला की बक्षीस लागलं असावं. "आई! चार कमी झाले! आता मी पूर्ण दूध पिऊ?"

"दोन दिवसांत चार किलो!" आत्या ओरडली. "बघा! पोर सुकलं, आणि ही बाई आमच्या पोरीला न्यायला आली आहे!"

धाकटीने क्षणभर खरंच भोपूचा दंड चाचपून पाहिला. मग लॅबमधली बाई जागी झाली. "दोन दिवसांत कुणी चार किलो उतरत नाही. तुमचा काटा चुकीचा आहे."

हे वाक्य तिने बोलायला नको होतं. थोरल्याने फडकं खाली ठेवलं.

"या काट्यावर," तो म्हणाला, आणि आज पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलला, "साठ वर्षं लोक माल घालतायत. एका फळाचा फरक कुणी दाखवलेला नाही. सरकारी माणूस दर वर्षी येऊन शिक्का मारून जातो. काटा खोटा म्हणजे आमचा बाप खोटा."

"काट्याबद्दल बोलू नकोस गं," धाकटा बायकोला म्हणाला. आत्तापर्यंत तो तिच्या बाजूला उभा होता. आता दोन पावलं सरकून भावाच्या बाजूला गेला. बापाचं नाव निघालं की तो तिकडंच जायचा.

"मी खोटा म्हणाले नाही, चुकीचा म्हणाले."

"एकच ते."

"एकच कसं? घरचा काटा एकतीस दाखवतो, हा सत्तावीस. एक तरी चुकतोय ना?"

"तुझा तो न्हाणीघरातला डबा!" आत्या म्हणाली. "आणि हा लोखंडाचा काटा! नाकापेक्षा मोती जड!"

"वन्सं," थोरली म्हणाली, "मागच्या वर्षी आरोग्य केंद्रात काडी एक्केचाळीस भरली होती. इथं भिंतीवर सदतीस आहे. त्याच्या आदल्या वर्षी तिथं पस्तीस, इथं एकतीस. आता शाळेत चव्वेचाळीस, इथं चाळीस." ती भिंतीकडे न बघता बोलत होती. आकडे तिला पाठ होते. "मी म्हणायची, केंद्राचा काटा बिघडलाय. पण बिघडलेला काटा दर वेळी चारच कसा चुकेल? आणि आज भोपूचेही चारच."

तेवढ्यात अर्ध्या उघड्या दारातून काटेवाला आत आला. हंगामात वखारीतला बराचसा माल तोच तोलायचा. जुन्या मालकांनी त्याला हाताखाली शिकवलं होतं, त्याला तीस वर्षं झाली. रविवारी तो कधी येत नसे, पण मागच्या हंगामात त्याचा चष्मा इथल्या कोनाड्यात राहिला होता आणि चष्म्यावाचून उद्या काम होणार नव्हतं. सगळं घर काट्याभोवती तणतणताना बघून तो संकोचून दारातच थांबला.

"बरं झालं आलात," थोरला म्हणाला. "सांगा यांना. आपला काटा चार किलो चुकतो म्हणे."

"छे," काटेवाला म्हणाला. "चुकतो कशाला? चार पेटीचे."

त्याला वाटलं आपण नीट सांगितलं नाही. "पेटीचे, मालक. रिकाम्या पेटीचं वजन आधीच वजा करून ठेवलंय ना त्यात. जुन्या मालकांनीच लावून घेतलं होतं, दर वेळी वजाबाकी करायला नको म्हणून. पेटी ठेवली की शून्य. नुसतं ठेवाल ते चारने कमीच दाखवणार." तो भिंतीकडे बघून चाचरला. "मला वाटायचं, मुलांचं लिहिताना तुम्ही चार मिळवून लिहिता."

"कधी बोलला नाहीत ते!" धाकटा म्हणाला.

"घरच्या मुलांचे आकडे. आपण कशाला नाक खुपसा."

थोरलाही हंगामात हे रोज करत होता. रोज पेटी ठेवायचा, रोज दांडी शून्यावर बघायचा, आणि शेतकऱ्याने नुसतं पोतं टाकलं तर "थांबा, चार मिळवा" हे त्याच्याच तोंडून निघायचं. पण माल तोलताना तो स्वतःचं डोकं वापरायचा आणि मुलं तोलताना ताईचं. त्याने ढिगातून एक रिकामी पेटी उचलली आणि फळीवर ठेवली. दांडी शून्यावर येऊन थांबली.

"काडी, ये इकडं. पेटीच्या शेजारी उभी राहा."

ती उभी राहिली. चव्वेचाळीस.

"भोपू."

एकतीस.

"मग मी सत्तावीस नाही?" भोपूने विचारलं.

"नाही रे बाळा."

भोपू फळीवरच खाली बसला आणि मोठ्याने रडू लागला. धाकटी त्याला उचलायला वाकली. "अरे, एकतीस छानच आहे, रडतोस काय?"

"मग अर्धंच दूध!" भोपू म्हणाला. त्याचा आवाज सगळ्या वखारीत घुमला.

धाकटी तशीच वाकलेली राहिली. सगळ्यांच्या समोर, जावेच्या, नणंदेच्या, चष्मा शोधणाऱ्या परक्या माणसाच्या समोर, तिला लाज वाटली. लहानपणी तिला वर्गात 'पिंप' म्हणत असत. ते आपल्या मुलाला कुणी म्हणू नये एवढंच तिला हवं होतं. त्यापायी तिने पोराला रोज सकाळी न्यायालयात उभं केलं होतं, हे तिला इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

काटेवाल्याने चष्मा उचलला आणि निरोप न घेता सटकला. शहाणा माणूस.

थोरला आता भिंतीवरच्या ओळींवरून बोट फिरवत मोठ्याने बेरजा करत होता. "मी नवव्या वर्षी अडतीस. म्हणजे बेचाळीस. तू सदतीस, म्हणजे एक्केचाळीस. मोठा बेचाळीस, म्हणजे..." तो थांबला. त्याच्या साखरेच्या गोळ्या वर स्वयंपाकघरातल्या फळीवर होत्या, धाकट्याचे गुडघे चाळिशीतच कुरकुरायला लागले होते, आणि हे आपल्या रक्तातच आहे असं दोघे आजवर अभिमानानेच सांगत आले होते. "आपण झडलोच नव्हतो रे कधी," तो भावाला म्हणाला. "नुसती पेटी काढली होती."

धाकट्याला हसू फुटलं. थोरल्यालाही फुटलं. दोघे भाऊ पेटीला धरून हसले, आणि मग दोघांनाही ते बरं वाटेना, म्हणून थांबले.

आत्या हसली नव्हती. ती काडीच्या ओळीकडे बघत नव्हती, भावांच्याही नाही. भिंतीच्या डाव्या कडेला, सगळ्यांत आधीच्या ओळींमध्ये एक ओळ होती, जिच्यात सहाच आकडे होते. ती मधल्याची. आत्याच्या पाठचा भाऊ, थोरल्याच्या आधीचा. या दोघांनी त्याला पाहिलेलंच नव्हतं. शेवटचा आकडा सोळा. तेव्हा मुलांची वजनं आईच करायची, वडील त्यात पडत नसत. तो लिहिला त्या दिवशी आई इथंच, याच फळीजवळ, कपाळावर हात मारून म्हणाली होती, "सोळा! माझं लेकरू सोळा किलोचं झालं आणि मला कळलं नाही!" हंगाम संपायच्या आत तो तापाने गेला. आत्या तेव्हा दहा वर्षांची. महिन्याभराने आई तिला म्हणाली, "त्याच्या ताटातलं तू उचलायचीस. मी बघायची." आणि ते खरं होतं. मधला रेंगाळत जेवायचा, उरलेलं तिच्याकडे सरकवायचा, ती खायची. तिला भूक लागलेली असायची.

त्यानंतर या घरात कुणी ताटात उरवलं नाही.

"सहा वर्षांच्या मुलाला," आत्याने विचारलं, "वीस म्हणजे किती?"

तिने हे धाकटीला विचारलं. सगळ्या सकाळभर जिच्याशी भांडली तिलाच.

"म्हणजे?"

"कमी की जास्त?"

धाकटी भोपूला मांडीशी घेऊन पेटीवर बसली होती. तिने आत्याच्या नजरेमागून भिंतीकडे पाहिलं, ती ओळ पाहिली, सोळा वाचलं. तिला मधल्याबद्दल लग्नानंतर कधीतरी ओझरतं सांगितलं होतं. ती हिशेब करायला एक क्षणही थांबली नाही.

"अगदी बरोबर, ताई. कमी नाही, जास्त नाही. सहा वर्षांच्या मुलाला वीस म्हणजे छान."

"उपाशी नव्हता?"

"उपाशी मूल वीस किलोचं नसतं. ताप कसला होता?"

"ते कुणी सांगितलं नाही. तेव्हा विचारायची पद्धत नव्हती."

आत्याला रडू आलं नाही. तिला राग आला, आईचा. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाचा आणि वीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईचा हिशेब एका सकाळी उलटा झाला होता आणि भांडायला कुणी उरलं नव्हतं. तिने पदराने हात पुसले, हाताला काही लागलेलं नसताना. मग थोरली पुढे आली. तिला हीच वेळ साधायची होती, आणि आपण साधतोय हे तिला कळत होतं. पण आज नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हेही कळत होतं.

"वन्सं, काडी कुठं जाणार नाही. इथंच राहील."

धाकटीने मान वर केली. "वहिनी, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. दर पंधरा दिवसांनी तुझ्या दवाखान्यात मी घेऊन येईन, सकाळच्या गाडीने. तुझ्याकडे ठेवणार नाही. तुझ्याकडेही रोज काटा आहे." मग ती नणंदेकडे वळली. "पण एक आहे. तिचं ताट यापुढं मी वाढेन. फक्त मी."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे. पंचवीस वर्षांत या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. त्याने बहिणीची बाजू घ्यायला तोंड उघडलं. त्याचा सगळा जन्म त्या हातचं खाण्यात गेला होता.

"तू गप्प बस," आत्या त्याला म्हणाली. आणि थोरलीला म्हणाली, "वाढ."

एवढंच. किल्ल्या दिल्या नाहीत, डोळे पुसले नाहीत. वर जाताना मात्र ती जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली. काडीही तिच्या मागोमाग येऊन तिथंच थांबली. दोघींचा श्वास पूर्ववत झाला तशा त्या चढल्या.

दुपारी सगळे एकत्र जेवायला बसले. आत्या एरवी सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, वाढता यावं म्हणून. आज तिला वाढायचं काही नव्हतं, म्हणून ती काडीच्या समोर बसली. पळी थोरलीच्या हातात होती. तिने काडीला भाजी, भात आणि एक उकडलेलं अंडं वाढलं, आणि पळी लगेच खाली ठेवली. धाकटीने भोपूसमोर दुधाचा पेला ठेवला, काठोकाठ भरलेला, आणि दुसरीकडे पाहिलं. भोपूने तो एका दमात संपवला, मग आईकडे पाहिलं, मग रिकाम्या पेल्यात पाहिलं.

काडी जेवत होती. अर्धं ताट संपलं तशी तिने सवयीने मान वर करून आत्याकडे पाहिलं. आत्याचे ओठ हलले. "अजून घे" हे दोन शब्द तिथंच उभे होते. तिने ते गिळले, आणि ते गिळणं सगळ्यांना दिसलं.

"पोट भरलं असेल तर ऊठ," ती म्हणाली.

काडी उठली नाही. खाल्लंही नाही. ती विचारात पडली होती, शाळेत अवघड गणित घातल्यावर पडायची तशी.

"आत्या," तिने विचारलं, "भरलं की कसं कळतं?"

जेवणं थांबली. थोरल्याने हातातला घास तसाच धरला. भोपूही उत्तर ऐकायला आत्याकडे बघत होता, आणि त्याची आई त्याच्याकडे.

आत्याने पोटावर हात ठेवला. पन्नास वर्षं ती सगळ्यांचं आटोपल्यावर, पातेल्यात जे उरेल ते संपवून उठायची. ते कधी कमी असायचं, कधी जास्त. भरलं का, हे तिने स्वतःला विचारल्याचं तिला आठवेना.

"मला नाही गं माहीत," ती म्हणाली. मग तिने स्वतःचं ताटही थोडं पुढे सरकवलं. "थांब जराशी. मीही थांबते. दोघी मिळून बघू, कळतंय का."